आधी लिंबूटिंबू

सदाशिव पेठेतल्या आगाशे बाईंच्या गणिताच्या क्लासला मुलं घाबरत, आणि म्हणूनच पालक त्यांना तिथे घालत. सुरुचीबाई कधी आवाज चढवत नसत. उशिरा आलेल्या मुलाला त्या "या, आपल्यासाठीच थांबलो होतो," एवढंच म्हणत, आणि तो मुलगा पुन्हा उशिरा येत नसे. क्लास त्यांच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत भरे. मागच्या खोलीत त्यांचे यजमान अनंतराव, वीज मंडळातून निवृत्त झालेले, पेपर वाचत बसत आणि क्लास सुटेपर्यंत खोकायचंही टाळत.

मुलगा केयूर कॅनडात गेला तेव्हा सुरुवातीला रोज फोन येई. मग आठवड्यातून एकदा येऊ लागला. पुढे पुढे त्या फोनमध्ये "जेवलीस का" आणि "थंडी आहे का" यांच्यापलीकडे काही उरलं नाही. दोघंही फोन ठेवायचं निमित्त शोधत असत आणि दोघांनाही ते कळत असे.

एकदा केयूरच म्हणाला की शनिवारी रात्री, म्हणजे तुमच्या रविवारी सकाळी, मी पुण्यातल्या मित्रांबरोबर एक खेळ खेळतो, तूही ये, निदान बोलणं होईल. बाईंनी कॉम्प्युटरवर आजवर पत्त्यांचा खेळसुद्धा खेळला नव्हता. पण त्या हो म्हणाल्या.

खेळ भुताखेतांच्या थाटाचा होता, पण समजायला सोपा. एक शिकारी आणि चार फरारी. बंद पडलेली कोळशाची खाण. फरारींनी लपतछपत भट्ट्या पेटवायच्या, सगळ्या पेटल्या की फाटक उघडतं आणि ते सुटतात. शिकाऱ्याने त्यांना आडवं करून पिंजऱ्यात टाकायचं. पिंजऱ्यातल्याला सोबती येऊन सोडवू शकतो, पण तिसऱ्यांदा पिंजऱ्यात गेलात की संपलं. पडदा काळा होतो आणि बाकीच्यांचा डाव संपेपर्यंत बसून राहायचं.

बाई भिंतीला धडकत, जमिनीकडे बघत चालत, भट्टी पेटवायच्या बटणाऐवजी नाचायचं बटण दाबत. पण कानाला हेडफोन लावला की केयूर अगदी जवळून बोलत असे. "आई, माझ्या मागे राहा. वाक. आता पळ." लहानपणी लक्ष्मी रस्ता ओलांडताना त्या त्याला असंच सांगत. मध्येच लपून बसायची वेळ आली की तो हळू आवाजात ऑफिसातलं काहीबाही सांगे, घरमालकाचं सांगे, एकदा तर एका मुलीचंही सांगितलं. रविवारचे पोहे बाई आता लवकर करून टाकत आणि साडी नीट नेसून कॉम्प्युटरपुढे बसत. अनंतराव म्हणाले, "तिकडे दिसत नाही हं तू." बाई म्हणाल्या, "मला दिसते ना."

शिकारी बहुतेक वेळा शुभंकर होई. शुभंकर केयूरचा शाळेपासूनचा मित्र, नववी-दहावीत बाईंच्या क्लासलाही होता. आता तो हडपसरला एका आयटी कंपनीत होता आणि फावल्या वेळात याच खेळाचे व्हिडिओ करून टाकायचा. ते बघणारे बरेच होते. उरलेले दोघं म्हणजे रुपाली आणि सुदर्शन, केयूरच्या पुण्यातल्या जुन्या ऑफिसातले. सुदर्शन फारसं बोलत नसे. रुपाली वर्ध्याची, हडपसरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. दिवाळीत घरी जायला सुट्टी मिळाली नाही म्हणून एकदा ती बाईंकडे फराळाला आली होती.

महिनाभर बरं चाललं. मग शुभंकर डाव सुरू झाल्याबरोबर थेट बाईंच्या दिशेने येऊ लागला. वाटेत केयूर उभा असला तरी त्याला ओलांडून येई. बाई पळत, ओरडत, कोपऱ्यात अडकत आणि आडव्या होत. कोणी सोडवलं की तो तिथेच दबा धरून बसलेला असे. पहिली भट्टी पेटायच्या आतच बाईंचा पडदा काळा होई. मग हेडफोनमध्ये केयूरचा आवाज येई, पण तो इतरांशी बोलत असे. बाई काळ्या पडद्यापुढे पदर सारखा करत बसून राहत.

केयूरने एकदा विचारलं की काय रे, दरवेळी आईलाच का. शुभंकर हसून म्हणाला, "नियमात आहे. काकू, सोसायटीत खेळताना लिंबूटिंबूला कोणी आऊट करायचं नाही ना? इथे उलटं असतं. आधी लिंबूटिंबू. चारातला एक गेला की उरलेले तिघं भट्ट्यांना पुरे पडत नाहीत. साधं गणित आहे."

बाईही हसल्या होत्या. गणित बरोबर होतं.

पुढे एका बुधवारी त्या क्लासमध्ये फळ्यावर आकृती काढत असताना पाठीमागून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "अरे देवा, हा परत माझ्याच मागे. केयूर, अरे केयूर, कुठे आहेस तू?" मागोमाग ढोलकी वाजली आणि वर्ग हसला. कोणीतरी मोबाइल घाईघाईने बंद केला.

बाई वळल्या नाहीत. आकृती पुरी केली, प्रमेय सिद्ध करून दाखवलं, गृहपाठ दिला. मुलं उठायला लागली तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलापुढे हात केला आणि म्हणाल्या, "दाखवा, आम्हालाही हसू द्या." त्याने घाबरून मोबाइल दिला.

व्हिडिओचं नाव होतं 'काकू पळाल्या'. शुभंकरने त्यांच्या कितीतरी डावांतले तुकडे जोडले होते. काकू भिंतीला धडकतात, काकू पिंजऱ्यासमोर नाचतात, काकू मुलाला हाका मारतात. प्रत्येक हाकेनंतर ढोलकी. बाईंनी तो पूर्ण पाहिला आणि खालच्या प्रतिक्रियाही वाचल्या. कोणी म्हाताऱ्यांना खेळात घेऊ नका म्हणत होतं, कोणी काकूंचा पुढचा भाग कधी असं विचारत होतं. त्यांत एक हसरी खूण केयूरची होती.

संध्याकाळी त्यांनी शुभंकरला फोन केला आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तो गोड बोलला. म्हणाला की काकू, गंमत आहे, तुमचा चेहरा कुठे दिसतोय, लोकांना किती आवडलाय बघा, उगाच मनाला लावून घेऊ नका. बाई म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात केयूरचा फोन आला. तो आढेवेढे घेत होता. शेवटी म्हणाला की आई, थोडे दिवस तू नको येऊस, डाव एकतर्फी होतात, सगळ्यांचा मूड जातो. आपण वेगळा फोन करत जाऊ. व्हिडिओबद्दल तो काही बोलला नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. रविवारी पोहे करून झाले आणि बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं हे त्यांना सुचेना.

अनंतराव म्हणाले, "सोडून दे. पोरं आहेत."

"पोरं कसली? लग्नाची वयं झाली. मी सोडणार नाही," बाई म्हणाल्या. अनंतरावांनी पेपर वर धरला. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता.

बाईंनी चांगला माऊस आणला, चांगले हेडफोन आणले आणि सकाळचा क्लास सुटल्यावर दार लावून घेऊन अनोळखी लोकांबरोबर खेळायला लागल्या. फरारी म्हणून नव्हे, शिकारी म्हणून. सुरुवातीला एकही हाताला लागत नसे. कोण कुठली मुलं हिंदीतून घाणेरडं बोलत आणि फाटकातून जाता जाता त्यांच्यापुढे नाचून दाखवत. बाई आवाज बंद करत आणि पुढचा डाव लावत. हळूहळू त्यांना कळलं की शिकाऱ्याने बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त. धावणारा दमला की त्याचा श्वास ऐकू येतो. खडी कोणत्या बाजूला वाजली ते ऐकू येतं. पस्तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज ओळखणाऱ्या बाईला हे अवघड नव्हतं.

दुपारी त्या शुभंकरचे व्हिडिओ लावत. ज्यात तो फरारी असे तेवढेच. तो छान खेळत असे, यात शंका नव्हती. पण सवयीचा गुलाम होता. आडोशाभोवती फिरताना तो नेहमी डावीकडून फिरे. पळताना तिसऱ्या-चौथ्या पावलाला मागे वळून बघे. पिंजऱ्यातल्या सोबत्याला सोडवायला तो कधीही जात नसे. आणि शिकारी अगदी पाठीशी आला की तो थेट रुपालीकडे पळे, ती जिथे भट्टी पेटवत बसली असेल तिथे, आणि तिला ओलांडून पुढच्या खिडकीतून उडी मारे. शिकाऱ्याला समोर रुपाली मिळे. व्हिडिओत त्यावरही ढोलकी होती.

रुपालीचा एकदा फोन आला. सहज केला म्हणाली, पण आवाज जड होता.

"तुम्ही गेल्यावर माझा नंबर लागला, काकू. तो शिकारी असला की मलाच धरतो, आणि फरारी असला की शिकाऱ्याला माझ्यावर आणून सोडतो. मुद्दाम करून राहिला आहे तो."

बाईंनी विचारलं की मग खेळतेस कशाला. रुपाली म्हणाली की इथे दुसरं माझं आहे कोण, रविवारी चार माणसं नावाने हाक मारतात. बाईंना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

दिवाळीनंतर बाईंचा वाढदिवस आला. तो रविवारीच होता. केयूरने काय पाठवू असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नको. मला एकदा शिकारी होऊ द्या. तुम्ही चौघं पळा." केयूरला हसू आलं, पण नाही म्हणता येईना. शुभंकरला तर कल्पना इतकी आवडली की त्याने ते डाव थेट दाखवायचं ठरवलं. 'काकू शिकारी' अशी जाहिरातही टाकली. बाईंनी ती पाहिली. त्यांना पाहिजे होतं त्याहून ते जास्तच चांगलं झालं होतं.

त्या सकाळी अनंतरावांनी चहा आणून ठेवला आणि मागे स्टुलावर बसले. डाव सुरू झाला. हेडफोनमध्ये शुभंकर आपल्या प्रेक्षकांना सांगत होता की घाबरू नका मंडळी, काकूंना बटणं सापडायला वेळ लागेल.

बाई खाणीत शिरल्या. पहिल्याच वळणावर पिंपामागे रुपाली वाकून बसली होती, हात लांब केला तरी लागली असती. बाई तिच्या शेजारून निघून गेल्या. पुढे केयूर मुद्दाम समोर येऊन नाचायला लागला. त्यालाही ओलांडून गेल्या. उजवीकडे खडी वाजली, थांबली, परत वाजली. मागे वळून बघण्यासाठी थबकणारी पावलं होती ती. बाई तिकडे वळल्या.

शुभंकर एका मोडक्या गाड्याभोवती डावीकडून फिरला. बाई उजवीकडून येऊन उभ्या होत्या. तो आडवा झाला.

"अरे वा, काकू," तो म्हणाला. "नशीब आहे हं."

बाईंनी त्याला पिंजऱ्यात टाकलं आणि मुद्दाम लांब गेल्या. सुदर्शनने त्याला सोडवलं. बाई सुदर्शनच्या समोरून गेल्या, त्याला हात लावला नाही, आणि पुन्हा शुभंकरच्या मागे लागल्या. पाठीशी आल्याबरोबर तो अपेक्षेप्रमाणे रुपालीकडे पळाला. ती भट्टीपाशी खिळून बसली होती. तो तिला ओलांडून खिडकीकडे धावला. बाई रुपालीला वळसा घालून आधीच खिडकीपलीकडे पोचल्या होत्या. त्याने उडी मारली ती त्यांच्या पायापाशी. तिसऱ्या वेळी तर फारसं पळावंही लागलं नाही. शुभंकरचा पडदा काळा झाला. तिकडे तिघांनी सगळ्या भट्ट्या पेटवल्या आणि फाटकातून आरामात निघून गेले.

शुभंकर म्हणाला, "तिघं सुटले, काकू. म्हणजे तुम्ही हरलात."

"हो का," बाई म्हणाल्या. "मग परत खेळू."

दुसऱ्या डावात त्याने आपल्या माणसाचे कपडे बदलले, टोपी चढवली, चेहरा झाकला. बाईंना कपड्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी पावलं ऐकली. तिघांच्या मधून वाट काढत त्या त्याच्यापर्यंत गेल्या आणि तोच सगळ्यांत आधी बाहेर गेला. पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया बाईंनी पडद्याच्या कडेला उघडून ठेवल्या होत्या, त्या सरकत होत्या. सुरुवातीला काकूंची थट्टा होती. आता लोक शुभंकरला विचारत होते की तूच का रे दरवेळी. कोणीतरी ढोलकीचं चित्र टाकलं, मग सगळेच टाकू लागले. शुभंकरचं बोलणं कमी होत गेलं. बाईंना हेडफोनमध्ये ती शांतता ऐकू येत होती आणि ती त्यांना आवडत होती. चहा गार झाला होता. घोट घ्यायलासुद्धा माऊसवरचा हात उचलावा असं त्यांना वाटत नव्हतं.

तिसऱ्या डावात तो पळालाच नाही. पडक्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात शिरून बसला. ना भट्टी पेटवली, ना कोणाला मदत केली. बाई कचेरीत आल्या आणि कपाटापुढे उभ्या राहिल्या. आतून दबलेला श्वास येत होता.

तो म्हणाला, "एकदा तरी दुसऱ्या कोणाला पकडा ना. हा काय खेळ झाला?"

"नियमात आहे," बाई म्हणाल्या आणि कपाट उघडलं.

पिंजरा, सुटका, पुन्हा पिंजरा. या वेळी रुपालीने त्याला सोडवलं. ती पिंजऱ्याचं दार उघडत होती तेव्हा बाई दहा हातांवर उभ्या राहून बघत होत्या. ती लांब गेल्यावर त्या निघाल्या. कोपऱ्यात गाठून त्यांनी शुभंकरला आडवं केलं. आता उचलून नेणं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात शुभंकर बोलला, आणि त्याचा आवाज काकू म्हणणारा नव्हता.

"बाई, तुम्ही क्लासमध्येही हेच करायचात."

तो बोलतच राहिला.

"रोज. 'शुभंकर, फळ्यापाशी या.' तुम्हाला माहीत असायचं मला येत नाही. ज्यांना येतं त्यांना कधी बोलावलं नाहीत. पोरं हसायला लागली की तुम्ही खिडकी लावायला वळायचात. तुम्हीपण हसताय ते दिसू नये म्हणून. दोन वर्षं, बाई."

बाईंना आठवलं. त्या त्याला बोलवत, हे खरं होतं. दरवर्षी एक मूल त्या हेरत, सगळ्यांत कच्चं, आणि त्याला फळ्यापाशी उभं करत. ते अडकलं की बाकीचा वर्ग घाबरून अभ्यास करे. निकाल चांगला लागे. खिडकी लावल्याचंही आठवलं. रस्त्यावर फार हॉर्न वाजत असत. पण आपण तेव्हा हसत होतो की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"तेव्हाच सांगायचंस," त्या म्हणाल्या.

"कोणाला? तुम्हाला?"

पडद्यावर त्याचा माणूस आडवा पडून एक हात हलवत होता. बाजूला प्रतिक्रिया सरकायच्या थांबल्या होत्या. केयूर हळूच "आई" म्हणाला. बाईंच्या मनात आलं की इथे सोडून द्यावं. आणि लगेच दुसरं आलं, की मी ओरडत होते तेव्हा याने मला सोडलं नव्हतं, माझ्या ओरडण्यावर ढोलकी वाजवली होती. त्यांनी त्याला उचललं, पिंजऱ्यापर्यंत नेलं आणि आत टाकलं. पडदा काळा झाला. शुभंकर गेला. फक्त खेळातून नाही, बोलणाऱ्यांच्या यादीतूनही त्याचं नाव नाहीसं झालं.

अनंतराव मागून म्हणाले, "झालं समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या. ते खरं होतं. दुपारी श्रीखंड होतं, त्या दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

दुसऱ्या दिवशी 'काकू पळाल्या' निघून गेला होता. पण वाढदिवसाचे डाव लोकांनी उतरवून घेतले होते आणि ते फिरत होते. त्यांत कपाटातला शुभंकर होता, पिंजऱ्यातला शुभंकर होता, आणि शेवटचं त्याचं बोलणंही होतं. क्लासच्या मुलांनी ते ऐकलं असणार. कोणी हसलं नाही. बाई फळ्याकडे वळल्या की वर्गात नेहमीपेक्षा जास्त शांतता होई, आणि ती भीतीची की आणखी कशाची, हे त्यांना ओळखता येत नव्हतं.

केयूरचा फोन आठवड्याच्या मध्येच आला. तो संतापला होता. म्हणाला की सगळ्यांसमोर त्याला असं करायची काय गरज होती, तो माझा मित्र आहे. बाई म्हणाल्या की मी तुझी आई आहे, आणि त्या व्हिडिओखाली तुझी हसरी खूण होती. केयूर म्हणाला की मी तो पाहिलाही नव्हता, मित्राचा आहे म्हणून खूण टाकली. "म्हणजे पाहिलाही नाहीस," बाई म्हणाल्या. हे त्यांना जास्त लागलं.

दोघंही फोन ठेवत नव्हते. केयूर एकेक जुनं काढू लागला, बाई उत्तरं देऊ लागल्या. सायन्सला घातल्यापासून कॅनडाला जाताना विमानतळावर सोडायला न येण्यापर्यंत सगळं निघालं. अनंतरावांनी कुकर लावला, उतरवला, तरी भांडण चालूच होतं. मग केयूर म्हणाला, "क्लास सुटल्यावर शुभंकर लगेच घरी जायचा नाही, आई. आपल्याच जिन्यात खाली बसायचा. चेहरा नीट झाला की जायचा. मी बसायचो त्याच्याशेजारी."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटायचं, मी बोललो तर उद्यापासून मला फळ्यापाशी बोलावशील."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. नंतर केयूरच बोलत राहिला आणि त्या ऐकत राहिल्या. इतकं तो गेल्यापासून कधी बोलला नव्हता.

खेळातल्या पिंजऱ्याबद्दल सुरुचीबाईंना वाईट वाटलं नाही. तसं त्यांनी केयूरलाही स्पष्ट सांगितलं. पण जिन्याचं त्यांना सुटेना. क्लास सुटल्यावर त्या दार लावायला जात तेव्हा नजर खाली जाई. शेवटी त्यांनी शुभंकरला निरोप लिहिला. माफी हा शब्द दोनदा लिहून खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. लिहिलं की फळ्यापाशी तुला बोलवत होते ते मुद्दाम, आणि ते चूक होतं. व्हिडिओचा हिशेब वेगळा, तो मी मिटवला आहे. निरोप वाचल्याची निळी खूण लगेच आली. उत्तर आलं नाही, नंतरही कधी आलं नाही.

क्लासमध्ये त्या आता नाव घेऊन कोणाला बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो. यंदा निकाल जरा उतरेल, असं त्या अनंतरावांना म्हणाल्या. ते म्हणाले, "उतरू दे."

रविवारचे डाव मोडले. शुभंकर त्या गटात परत आला नाही, त्याने दुसरा गट जमवला असं कळलं. केयूर आता रविवारी नुसता फोन करतो आणि बराच वेळ बोलतो, कधी कधी भांडतोही.

जानेवारीतल्या एका रविवारी केयूरचा फोन ठेवून बाई उठतायत तोच बेल वाजली. दारात रुपाली होती. हडपसरहून बसने आली होती, हातात पेरूंची पिशवी. पोहे खाल्ले, वर्ध्याच्या घरचं सांगितलं, आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाली की शुभंकरच्या नव्या गटाने शिकारी हवाय असं टाकलंय, कोणीही नाव देऊ शकतं, आणि मी दुसऱ्या नावाने दिलंय. मला शिकवा.

बाईंनी तिला शुभंकरचं सगळं सांगितलं, फळ्याचं, जिन्याचं. म्हणाल्या की त्याने माझ्यावर राग काढला त्याला कारण होतं.

रुपाली ऐकून घेत होती. "तुमच्याशी त्याचं काही होतं, काकू. माझ्याशी काय होतं? मला तर त्याने फक्त मी कच्ची म्हणून धरलं. तुमचं झालं. माझं राहिलंय."

हिला नाही म्हणायला त्यांच्याकडे एकही कारण नव्हतं. मागच्या खोलीत पेपर खाली आला आणि पुन्हा वर गेला.

"खुर्ची पुढे घे," बाई म्हणाल्या आणि एक डाव लावला. हेडफोन काढून त्यांनी तिच्या कानांवर बसवला, वर सरकलेली पट्टी नीट केली. "पडद्याकडे बघू नकोस. डोळे मीट आधी. आता सांग, खडी कुठल्या बाजूला वाजते आहे?"